नऊशे ग्रॅमचा कडता

डिसेंबरची चौदा तारीख, बुधवार, दुपारचे बारा. माणसाचं वजन चोपन्न किलो सहाशे ग्रॅम. अर्ध्या तासानंतर त्याच माणसाचं, त्याच काट्यावर, पंचावन्न किलो पाचशे. पैज पाच किलो जिलबीची. हजर: हमालांचा मुकादम देवराव, चहावाली पोशव्वा, काट्यावर उभे असलेले मापाडी काका आणि आकडा वाचून वहीत लिहिणारा मी. या गोष्टीला वीस वर्षं झाली. दोन्ही आकडे माझ्या हातचे आहेत. त्यातला दुसरा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं.

तेव्हा मी आदिलाबादच्या बाहेर, गुडीहत्नूरच्या रस्त्यावरच्या एका जिनात कारकून होतो. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. गाड्या यायच्या, मापाडी काका कापूस मोजायचे, मी लिहायचो. त्यांना सगळे मापाडी काका म्हणत. नाव होतं, हजेरीपटावर मीच ते रोज लिहीत होतो, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

उंच, काटकुळा माणूस. काट्याची दांडी करंगळीनं स्थिर करायचे. पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. जुन्या रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन, चार. आणि तोच शब्द त्यांनी स्वतःच्या जेवणाला लावला होता, कारण दिवसाचं पहिलं जेवण तेच आणि शेवटचंही तेच. संध्याकाळी पाचला दोन ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी किंवा वरण, एक कांदा. जेवून हात धुतले की म्हणत, "झाला लाभ." त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या पाचपर्यंत पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा.

असं का, हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. पोशव्वाला सांगितलं, नवस आहे. पोशव्वा स्वतः सोमवारी एकच वेळ जेवायची. तेलुगूत त्याला ओक्कपोद्दू म्हणतात, म्हणजे एक वेळेचा उपास. तिला काकांबद्दल फार आदर. "अपना तो हफ्ते में एक दिन का ओक्कपोद्दू," ती म्हणायची, "काका का तो रोज का है." देवरावला त्यांनी सांगितलं, तरणेपणी पोट दुखायचं, एका वैदूनं उपाय दिला. मला सांगितलं ते असं: "बाबू, एकच आकडा ध्यानात ठेवा लागते. पाच. तीनदा खाल्लं का तीन आकडे झाले, अन् मधात पुन्हा चहा-बिस्किट. हिशेब वाढते."

मला हेच कारण खरं वाटलं. मी हिशेबाचा माणूस आहे.

भुकेशी ते मोठ्यानं बोलत. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, हातात दांडी, समोर कापसाची गाडी, आणि हे मध्येच म्हणायचे, "आली का? बस." नवा शेतकरी असेल तर तो इकडेतिकडे बघायचा, कोण आलं. काका सांगायचे, "भूक हाय, दुसरं कोनी नाही. पावणी हाय ते. येते, बसते, कोनी इचारलं नाही का उठून जाते. तिले 'काय घेता' म्हनलं तं मंग मुक्काम ठोकते."

बारा वाजले की सगळे डबे उघडत. तेव्हा काका काट्यामागच्या खोलीत जात, आतून कडी लावत आणि बरोबर अर्ध्या तासानं बाहेर येत. आत काय करतात ते कुणाला माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वल्ला पंचा पोटावर ठेवून पडतो. दुसऱ्याच्या डब्ब्याकडं पाह्यनं हेबी खानंच हाय, बाबू. डोयानं खाल्लेलं पोट मागते."

देवरावला हे पटत नव्हतं. तो चार भाकरी खाणारा, क्विंटलची गाठ पाठीवर घेणारा माणूस. "काका," तो म्हणायचा, "अन्नाबगर मानूस दिसभर काट्यावर उभा राह्यते? थ्या खोलीत काय हाय ते सांगा ना. भाकरी तं नाही लपवली?"

"लपवलीच हाय," काका म्हणायचे. "कालची पोटात हाय. उघडून पाह्यतं का?"

हसण्यातून एक दिवस पैज लागली. खोलीत जाण्याआधी काकांचं वजन करायचं, बाहेर आल्यावर पुन्हा करायचं. आठ दिवस. एकदाही वजन वाढलेलं दिसलं तर काकांनी सगळ्या जिनाला पाच किलो जिलबी द्यायची. नाही वाढलं तर देवरावनं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचा माल मोजला तो आता स्वतः काट्यावर उभा राहणार म्हणून पहिल्या दिवशी गर्दी झाली होती. आकडा वाचायला मला बोलावलं. देवरावच म्हणाला, "बाबू बिनचूक हाय. बाबूनं वाचला आकडा का खतम."

काकांनी काट्यावर पाय ठेवला आणि थांबले. म्हणाले, "कडता?"

कडता म्हणजे कपात. पोतं, ओल, माती यांचं वजन मालातून वजा करायचं, त्याला कडता म्हणतात. काका कडत्याच्या बाबतीत फार कडक होते. शेतकऱ्याचा एक छटाकही जास्त कापू देत नसत आणि मालकाचा एक छटाकही सोडू देत नसत. "थंडीचे दिवस हाय," ते म्हणाले. "चपला, स्वेटर, मफलर. हे काई म्या नव्हे. हे मोज अन् काप." तिन्ही वस्तू वेगळ्या मोजल्या. नऊशे ग्रॅम भरल्या. मी वहीत वरच्या बाजूला लिहून ठेवलं: कडता ०.९००. काट्यावर दिसेल त्यातून हे वजा करायचं आणि उरेल तो आकडा मोठ्यानं सांगायचा, असं ठरलं. काटा जुना, दांडीचा होता. दांडीवरचा आकडा वाकून वाचणाऱ्यालाच दिसायचा. बाकीच्यांना मी सांगेन तेच खरं.

सात दिवस वजन वाढलं नाही. दोनदा तर शंभर ग्रॅम कमीच भरलं. देवरावचे साथीदार त्याला चिडवायला लागले, "मुकादम, जिलबीचे पैसे जमवून राह्यले का नाही?"

आठव्या दिवशी बाराला मी पंचावन्न पाचशे वाचले, नऊशे कापले, चोपन्न सहाशे सांगितले. काका खोलीत गेले. तेवढ्यात फाटकात दोन गाड्या एकदम शिरल्या, बैल बुजले, मालक माडीवरून माझ्या नावानं ओरडले. मी पावत्या फाडायला पळालो. साडेबाराला देवराव हाका मारायला लागला, "बाबू, लवकर या, काका बाहेर आले!" मी धावत आलो, वाकलो, वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं, "पंचावन्न पाचशे."

मी कडता कापला नव्हता.

 देवरावनं टाळी वाजवली. "नऊशे! अर्धा किलो भाकर अन् वरून गडवाभर पानी! झाले ना नऊशे!" सगळे हसायला लागले. मीही हसलो. पोशव्वा हसली नाही. ती काकांकडं बघत होती. काका काट्यावरून उतरले, मफलर नीट केला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "लिव्हलं का, बाबू?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"बरं."

संध्याकाळी वही पक्की करताना वरचा आकडा दिसला, कडता ०.९००. खाली दिवसाचा फरक, ०.९००. दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा वजाबाकी केली. चूक माझीच होती. त्या हंगामात मालकानं आधीच्या कारकुनाला एका चुकीच्या पावतीवरून काढलं होतं आणि मला बसवताना सांगितलं होतं, "एक गलती, और हिसाब करके घर." माझी बायको सहा महिन्यांची गरोदर होती. मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. ही तर गंमतीची पैज आहे, कुणाच्या मालाची पावती थोडीच आहे. दुसऱ्या दिवशी काका जिलबी घेऊन आले. पाच किलो, त्यांच्या पैशांनी. प्रत्येकाच्या हातावर स्वतः ठेवली. माझ्याही. देवराव म्हणाला, "काका, आता तं आमच्यासंग खा!"

"आता कसा खाऊ?" काका म्हणाले. "म्या तं चोरून खाल्लो ना. पोट भरलं हाय."

मी ती जिलबी खाल्ली. गरम होती.

वाईट मी पुढं केलं. आपल्याकडं 'खाणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि मापाडी माणसाच्या बाबतीत दुसरा आधी आठवतो. पंधरा दिवसांत फाटकाबाहेर गाडीवाले म्हणायला लागले, "मापाडी चोरून खाते म्हनते. मंग मापातबी खात असन." गंमतीनंच म्हणत होते. मग एकानं माल दुसऱ्या काट्यावर मोजून मागितला. मग तिघांनी. काकांचं माप दर वेळी बरोबर निघालं, पण मालकाला रोजचा तमाशा नको होता. होळीच्या आत मालकानं दुसरा मापाडी ठेवला. काका नार्नूरकडं मुलीच्या गावी गेले. जायच्या दिवशी मी त्यांचा हिशेब केला, सही घेतली. त्यांनी सही केली आणि पेन माझ्या वहीवर आडवं ठेवलं.  त्या वहीत, वीस पानं मागं, ०.९०० दोनदा लिहिलेलं होतं.

आता मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. जिन सोडून बारा वर्षं झाली, गावात किराणा आणि बियाण्याचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात वजन चौऱ्याऐंशी किलो तीनशे भरलं आणि साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, गोळी अजून नको, आधी वजन उतरवा. माझी मुलगी निजामाबादला नर्सिंग शिकते. ती परीक्षेनंतरच्या लांब सुट्टीत आली आणि तिनं फतवा काढला. "बाबा, सोळा तास काही खायचं नाही, आठ तासांत जेवायचं. दुपारी बारा ते रात्री आठ. डॉक्टरांना मी विचारलंय, तुम्हाला गोळ्या नाहीत, चालेल म्हणाले."

"एकदम सोळा तास नको," मी म्हणालो. "नाष्टा रोज अर्धा तास पुढं ढकलू. सकाळी नऊचा साडेनऊ, मग दहा. पोटाला कळलंही नाही पाहिजे."

"हे कुठं वाचलंत?"

"असंच," मी म्हणालो.

वाचलेलं नव्हतं. काका देवरावला सांगायचे, त्यानं उगाच विचारलं तरी: "एकदम बंद नोको करू. भुकेले मुदत मागाची, अर्ध्या घंट्याची. रोज मुदत वाढवाची. सावकारबी आयकते, भूक काऊन नाही आयकनार?" आणि वर हेही: "चक्कर आली, हात कापले तं चुपचाप खाजो. थ्याच्यात काई मर्दानगी नाही."

पहिले तीन दिवस डोकं दुखलं. काकांची तोड आठवली, पाण्यात चिमूटभर मीठ. केलं, उतरलं. अकराला पोटात खड्डा पडायचा तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं, भूक किती वेळ बसते. सतरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग एकवीस, मग पुन्हा सतरा. काकांनी कधी मोजली नव्हती, पण पाहुणी म्हणून सांगितली होती, आणि ती खरंच उठून जात होती. काळा चहा, घोटघोट पाणी, स्वयंपाकघराकडं पाठ करून बसणं. वजन पाच आठवड्यांत तीन किलो शंभरनं उतरलं. मुलगी फोनवर मैत्रिणींना सांगायची, "माझे बाबा म्हणतात, भूक म्हणजे पाहुणी." मी गप्प बसायचो. त्या माणसाचं नाव तर घेतलं नव्हतंच, आता त्याचं वाक्यही माझ्या नावावर चढलं होतं.

आणि मग ती सकाळ. दहाला पाच कमी. बायको शेजारी गेली होती. ओट्यावर रात्रीची भाकरी होती, बाजूला ठेचा. मी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली. इतक्या घाईत की चावलीसुद्धा नाही. बायको दारात आली तेव्हा मी गडव्यानं पाणी पीत होतो.

"खाल्लं का, जी?"

"छे. पाणी पितोय."

तिनं माझ्या मिशीकडं बघितलं. मिशीला ज्वारीचा कण असावा. ती हसली आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मुलीला म्हणाली, "अवं, ये इकडं! तुया बाबानं मापाडीपना केला पाह्य!"

मुलगी बाहेर आली. "बाबा! मापाडी काका झालात तुम्ही!"

दोघी हसत होत्या. मी मिशी पुसली.

हा शब्द आमच्या घरात मी आणला होता. मुलगी तीन वर्षांची असताना डब्यातली साखर खाताना सापडली, तेव्हा मीच म्हणालो होतो, "काय गं, मापाडी काका झालीस का?" मग तिला काकांची गोष्ट सांगितली. उपासाचं ढोंग करणारा एक माणूस होता, खोलीत कडी लावून भाकरी खायचा, आणि तुझ्या बाबानं त्याला काट्यावर पकडला. तिला फार आवडायची. झोपताना सांगा म्हणायची. मी अनेकदा सांगितली. मापाडीपणा हा आमच्या घरातला शब्द झाला, चोरून खाल्लेल्या लोणच्याचा, गुळाचा, सायीचा. सोळा वर्षांत तो किती वेळा उच्चारला गेला असेल याचा हिशेब माझ्याकडं नाही. एवढा एकच नाही.

मी त्या दिवशी त्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायाकडं गेलो. पाच किलो जिलबी मोज म्हणालो. त्यानं डबे काट्यावर ठेवले आणि भरायला लागला. मी म्हणालो, "डबे वेगळे मोज." तो म्हणाला, "सेठ, सब लोग डब्बे के साथ लेते." मी म्हणालो, मी नाही घेणार. दोन डबे, एकशे ऐंशी ग्रॅम. तेवढी जिलबी वर घातली. मग आठच्या बसनं इंद्रवेल्ली, उटनूर करत नार्नूर, आणि तिथून ऑटोनं त्यांच्या मुलीच्या गावी.

काका ओसरीवर खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढं असतील. मफलर तोच नसेल, पण रंग तोच. मी पाया पडलो, ओळख सांगायला लागलो.

"बाबू," ते म्हणाले. "मोठा झाला. किती भरतं आता?"

"एक्क्याऐंशी किलो दोनशे."

"कपड्यासकट?"

"कपडे काढून, काका."

ते हसले. दात नव्हते. त्यांच्या मुलीनं पेलाभर दूध आणून समोर ठेवलं आणि "संपवा बरं" म्हणून आत गेली. मी बघतच राहिलो. सकाळचे अकरा वाजत होते.

"डॉक्टरनं चारदा लावलं," काका म्हणाले. "दूध, खिचडी, दूध, खिचडी. घड्यायावर. भूकच लागत नाही आता, लेका. अकरा वाजले का म्या वाट पाह्यतो तिची. येत नाही. म्या एवढ्या साल तिले इचारलं नाही, आता तिनं येनं सोडलं."

मी डबे त्यांच्या खाटेवर ठेवले. 

"काय हाय?"

"जिलबी."

"किती?"

"पाच किलो."

त्यांनी डब्यावर हात ठेवला, करंगळी वर धरून. "डब्ब्याचा कडता?"

"कापला, काका."

"मंग त्या दिवशी काऊन इसरला?"

ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या.  

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस साल काट्यावर उभा होतो म्या. बरोब्बर नऊशे, लेका! मानूस खाल्ला तं आठशे खाईन, हजार खाईन. बरोब्बर कडत्याएवढं कोन खाते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इसरला तवा मले वाटलं, रातीले वही लिव्हतानी दिसन तुले. दिसलं ना?"

"दिसलं."

"हां. मंग म्या वाट पाह्यली. रोज दुपारी थ्या खोलीत पडून वाट पाह्यली. म्हनलं बाबू येईन, कडी वाजवन. आधी चार दिवस. मंग म्हनलं, आठ दिवस. मंग थे गाडीवाले बोलाले लागले तवा म्हनलं, आता तं येतेच." त्यांनी दुधाचा पेला उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. "भूक परवडली, बाबू. तिचं कसं, अर्ध्या घंट्यात जाते."

मी माफी मागितली. शब्द लिहीत नाही, लिहिण्यासारखे नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत, नाही केलं असंही नाही. डबे माझ्याकडं सरकवले.

"मले काऊन देतं? मले तं मालूमच होतं. ज्याईले मालूम नाही थ्याईले दे, अन् सांगून दे. आधी सांगजो, मंग देजो. जिलबी तोंडात असली का मानूस नीट आयकत नाही."

परतीच्या बसमध्ये पाच किलो जिलबी माझ्या मांडीवर होती. बारा वाजून गेले होते, माझी जेवायची वेळ सुरू झाली होती. डबे चिकट झाले होते, पाक कागदातून झिरपत होता, शेजारचा माणूस वास घेत दोनदा माझ्याकडं वळला. भूक आली. मी तिला बस म्हणालो. उटनूरच्या पुढं ती गेली, गुडीहत्नूरला पुन्हा आली. मी काही खाल्लं नाही. त्यात मोठेपणा नव्हता. आधी सांगायचं होतं.

जिनाच्या फाटकावर देवराव खुर्चीत बसतो आता, राखणदार म्हणून. गुडघे गेलेत, साखर त्यालाही आहे. पोशव्वाचा ठेला तिची सून चालवते, ती बाजूला बसून पैसे घेते. दोघांना एकत्र बोलावलं आणि आधी सांगितलं. नऊशे कडता, पहिल्यांदा कापला, दुसऱ्यांदा नाही, त्याच संध्याकाळी कळलं, वीस वर्षं बोललो नाही.

देवरावला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे पैज म्या हरलो होतो?"

"हो."

"अन् म्या थ्याच्या हातानं जिलबी खाल्ली?" तो उठायला गेला, गुडघ्यानं उठू दिलं नाही, पुन्हा बसला. "बाबू, तुया आकड्यावर म्या वीस साल थ्या मानसाले चोर म्हनत राह्यलो. चार गावात सांगितलं. लग्नात सांगितलं, हासवाले." तो माझ्याकडं बघेना. "तू बिनचूक होता ना रे."

पोशव्वा म्हणाली, "मैं बोली थी. ओक्कपोद्दू वाला चोरी से नहीं खाता. कौन सुनता मेरी?" आणि सुनेला म्हणाली, "डब्बा ले, सबकू दे. पहले इनकू बोलने दे."

मग मी आतल्या हमालांना, कामगारांना सांगितलं. बहुतेक नवे होते, काकांना ओळखतही नव्हते. तरी सांगितलं. काहींनी हसून जिलबी घेतली, एकानं विचारलं, एवढ्यासाठी?

घरी सगळ्यात कठीण गेलं. बायको ऐकून आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. त्या वेळी तीच पोटुशी होती, ती सबब मी तिच्यासमोर काढली नाही. पण तिनं तारखांवरून जोडली असणार. आतूनच म्हणाली, "माह्यासाठी केलं असं नोका सांगू कोनाले."

सांगून झाल्यावर मुलीच्या हातावर जिलबी ठेवली, ती तिच्या हातातच राहिली. पाक बोटांवरून मनगटाकडं चालला होता.

"मी कॉलेजात पण हा शब्द वापरते, बाबा," ती म्हणाली. "होस्टेलच्या सगळ्या मुली म्हणतात. मापाडीपणा."

"त्यांना सांग."

"सांगते." मग थोड्या वेळानं, न हसता, "मग आता चोरून खाण्याला काय म्हणायचं?"

मी विचार केला. अर्धी भाकरी आणि ठेचा, दहाला पाच कमी, आणि मिशीवरचा कण. "बाबूपणा म्हण," मी म्हणालो. "जिनात मला बाबू म्हणत."

पाच किलो जिलबी, डबे वगळून. देवरावच्या नातवंडांना अर्धा किलो, कारण त्याला स्वतःला चालत नाही. पोशव्वाला अर्धा किलो, जिनातल्या लोकांना साडेतीन, माझ्या घरी अर्धा. मी खाल्ली नाही. मापाडी काकांना काही नाही. त्यांचा शब्द तेवढा त्यांना परत केला, आणि त्या जागी माझा दिला.